अख्खा कॉम्प्युटर परत उभा करायचा, तर एका टूलवर भागत नाही

विचारलेलं थोडक्यात असं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट, २५६ जीबीची एसएसडी आणि आतच बसवलेली १ टीबीची हार्ड डिस्क. बिलं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब) ज्या प्रोग्रॅममध्ये होतात तो मारियाडीबी या डेटाबेसवर चालतो. २०१९ च्या पुरात आधीचा कॉम्प्युटर डेटासकट गेला. आता एक जण सांगतो टाइमशिफ्ट पुरे, दुसरा सांगतो दर रविवारी क्लोनझिला मारा, तिसऱ्याने आरसिंकची, म्हणजे फाइली कॉपी करणाऱ्या टूलची, स्क्रिप्ट दिली आहे. ‘कॉम्प्युटर जसाच्या तसा परत येईल असं एकच टूल सांगा, आणि जमलं तर घरच्या लॅपटॉपचंही सांगा, त्यावर विंडोजही आहे.’

एकच टूल नाही. तुम्हाला सल्ला देणारे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी आपत्ती आहे.

सांगली-मिरजेतली दुकानं, दवाखाने आणि क्लासेसचे लिनक्स कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं रोजचं काम. तिथे मी पहिल्यांदा एक भेद करून घेतो. मिंट पुन्हा मिळतं. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, फुकट उतरवता येते आणि इन्स्टॉल व्हायला अर्धा-पाऊण तास पुरतो. प्रिंटर, फॉन्ट, बिलिंग प्रोग्रॅमची मांडणी या सगळ्याला मात्र दिवस-दोन दिवस जातात. आणि पट्ट्या पुन्हा मिळतच नाहीत. म्हणजे ‘फुल सिस्टीम बॅकअप’ तुमचा वेळ वाचवतो आणि डेटाचा बॅकअप धंदा वाचवतो. ही दोन कामं एकाच टूलच्या गळ्यात मारली की दोन्ही अर्धवट होतात.

टाइमशिफ्टपासून सुरुवात करू, कारण ते मिंटमध्ये आधीपासून असतं आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त आहेत. त्याचं काम सिस्टीम कालच्या स्थितीला मागे नेण्याचं. अपडेट मारलं आणि स्क्रीन काळी झाली, नवा ड्रायव्हर टाकला आणि प्रिंटर गेला, अशा वेळी त्याच्याइतकं सोपं काही नाही. सिस्टीम चालूच होत नसेल तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच मिंट चालू होतं तो) लावून तिथून टाइमशिफ्ट उघडायचं आणि रिस्टोअर करायचं. पण होम फोल्डर, म्हणजे तुमची कागदपत्रं, फोटो, एक्सेलच्या फाइली, हे टाइमशिफ्ट मुद्दामच वगळतं. सिस्टीम मागे नेताना तुमचं कालचं काम मागे जाऊ नये, हा त्यामागचा शहाणपणाचा विचार.

तुमच्या बाबतीत मात्र इथेच खड्डा आहे. मारियाडीबी आपला डेटा होममध्ये ठेवत नाही. तो व्हार फोल्डरच्या आतल्या लिबमध्ये, मायएसक्यूएल नावाच्या फोल्डरात असतो, आणि टाइमशिफ्ट तो वगळत नाही. समजा गुरुवारी अपडेट बिघडलं आणि तुम्ही रविवारच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे टाइमशिफ्टने टिपलेल्या प्रतीवर, गेलात. सिस्टीम छान चालू होईल, पण डेटाबेसही रविवारचाच येईल आणि सोमवार ते गुरुवारच्या पट्ट्या गायब होतील. शिवाय टाइमशिफ्ट आतून आरसिंकच वापरतं, आणि चालू डेटाबेसच्या फाइली ते एकेक करून उचलतं. उचलणं चालू असतानाच कोणी बिल केलं, तर पहिली फाइल आधीची आणि शेवटची नंतरची अशी गत होते. अशी प्रत उघडेल किंवा उघडणारही नाही. म्हणून टाइमशिफ्टच्या सेटिंगमध्ये फिल्टरचा टॅब उघडून तो फोल्डर आजच वगळा. डेटाबेसची सोय वेगळी करायची आहे, ती पुढे येतेच.

टाइमशिफ्टच्या प्रती आतल्या १ टीबीच्या डिस्कवर ठेवा, त्या कामाला ती उत्तम आहे. आरसिंक प्रकारात पहिली प्रत पूर्ण असते. पुढच्या प्रतींत बदललेल्या फाइलीच नव्याने लिहिल्या जातात आणि बाकीच्यांना हार्डलिंक, म्हणजे आधीच्याच फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद, जोडलेली असते, म्हणून जागा फार खात नाही. त्यासाठी ते पार्टिशन (डिस्कचा भाग) ईएक्सटी४ सारख्या लिनक्सच्या फाइलसिस्टीमचं हवं. दुकानातून आणलेली बाहेरची डिस्क बहुतेक वेळा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते, तिच्यावर टाइमशिफ्ट प्रत ठेवत नाही. ‘टाइमशिफ्टला माझी डिस्क दिसत नाही’ या तक्रारीचं कारण सहसा एवढंच असतं. रोजच्या पाच आणि आठवड्याच्या तीन प्रती भरपूर झाल्या.

आता दुसरी आपत्ती, एसएसडी मरण्याची. जुनी हार्ड डिस्क मरायच्या आधी कुरकुरायची, आवाज करायची. एसएसडी बऱ्याचदा सकाळी न सांगता गप्प होते, आणि बायोसमध्ये नावसुद्धा दिसत नाही. लाईट झटक्यात जाते-येते तिथे स्वस्तातल्या एसएसडीचे हाल जरा जास्तच होतात. इन्व्हर्टर असला तरी कॉम्प्युटरला यूपीएस वेगळा लावा.

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून तासाभरात दुकान सुरू करायचं असेल, तर क्लोनझिला. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलेलं हे टूल डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, काढतं आणि त्यासाठी वापरलेले ब्लॉकच, म्हणजे भरलेली जागाच, उचलतं. त्यामुळे २५६ जीबीच्या एसएसडीवर ६० जीबी भरलेलं असेल तर इमेज त्याहूनही लहान होते, कारण वर दाबूनही ठेवलं जातं. पार्टिशन, बूटलोडर (सिस्टीम चालू करणारा छोटा प्रोग्रॅम), सगळं त्यात येतं. उगाच डीडी या कॉपीच्या जुन्या कमांडच्या वाटेला जाऊ नका. ते रिकामी जागासुद्धा इमानदारीने कॉपी करत बसतं.

क्लोनझिलाचा निळा-पांढरा पडदा आणि त्यातले प्रश्न पाहून नवखा माणूस घाबरतो, आणि ‘कुठून कुठे’ हे उलटं निवडलं तर चांगली डिस्क पुसली जाते. तुमच्यासाठी मी रेस्क्यूझिला सुचवेन. आतून काम तेच, इमेज क्लोनझिलाशी जुळणारी, पण माऊसने चालवता येतं. दोन्हींत इमेज तपासून घ्यायची सोय आहे. वेळ जास्त जातो म्हणून ती टाळू नका.

पण दर रविवारी इमेज काढणं मला पटत नाही. त्यासाठी कॉम्प्युटर बंद करून पेनड्राइव्हवरून चालू करावा लागतो. दर वेळी इमेज अख्खीच निघते, फक्त बदल तेवढे उचलायची सोय नाही. माणूस तीन रविवार करतो आणि चौथ्या रविवारी लग्न असतं. इमेज वर्षातून तीन-चार वेळा काढा: सगळं नीट बसवल्यावर एकदा, मिंटची मोठी आवृत्ती बदलायच्या आधी एकदा, मार्चअखेर संपल्यावर एकदा. इमेज तीन महिने जुनी असली तरी बिघडत नाही, कारण तिच्यावर कालचा डेटा वरून ओतायचा आहे.

दोन गोष्टी मात्र आधी सांगून ठेवतो. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. बाजारात २४०, २५० आणि २५६ जीबी हे सगळे ‘अडीचशे’ म्हणूनच विकले जातात. तुमची २५६ ची इमेज २४० वर सरळ उतरणार नाही, आणि हे रात्री नऊला कळून उपयोग नाही. नवी घेताना सरळ ५१२ घ्या. दुसरं म्हणजे इमेजमधून उतरवलेल्या डिस्कवर पार्टिशनचे ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, जुन्याच डिस्कचे येतात. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून कॉम्प्युटर चालू केला तर लिनक्स नेमकी कुठली उचलेल सांगता येत नाही. एक काढून ठेवूनच चालू करा.

तिसरी आपत्ती सांगलीकरांना समजावून सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी डिस्कबरोबर कॅबिनेट, मदरबोर्ड सगळंच जातं आणि नवा कॉम्प्युटर येतो. इमेजवाल्यांचा अंदाज चुकतो तो इथे.

लिनक्सचं एक बरं आहे. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच (लिनक्सच्या गाभ्याबरोबरच) येतात, त्यामुळे एका कॉम्प्युटरची डिस्क दुसऱ्याला लावली तरी अनेकदा तो मुकाट चालू होतो. अडतं ते बूट होण्यापाशी. जुना कॉम्प्युटर लेगसी बायोसवर (चालू होण्याची जुनी पद्धत) इन्स्टॉल केलेला असेल आणि नवा फक्त यूईएफआय (नवी पद्धत) ओळखत असेल, तर इमेज शंभर टक्के नीट उतरूनही पडद्यावर ‘बूट डिव्हाइस नाही’ असंच दिसतं. दोन्ही यूईएफआयचे असले तरी बूटची नोंद जुन्या मदरबोर्डच्या मेमरीत राहिलेली असते आणि नव्याला तिचा पत्ता नसतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून आत शिरून ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, पुन्हा बसवला की काम होतं, बूट रिपेअर नावाचं टूलही बऱ्याचदा सोडवतं. पण हे जाणकाराचं काम आहे, आणि पुराच्या आठवड्यात जाणकार स्वतःच्या घरातला चिखल काढत असतो. त्यात एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकलेला असेल तर आणखी एक गाठ.

म्हणून कॉम्प्युटरच बदलला असेल, तर मी इमेजच्या नादी लागत नाही. नव्यावर ताजं मिंट टाकतो, बिलिंग प्रोग्रॅम बसवतो, डेटा ओततो. यासाठी तयारी लागते ती अशी: ईटीसी फोल्डरची प्रत (सिस्टीमच्या सगळ्या सेटिंग तिथे असतात), आपण स्वतः टाकलेल्या पॅकेजची यादी, बिलिंग प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर आणि लायसन्स. मिंटच्याच ‘बॅकअप टूल’मध्ये सॉफ्टवेअरची यादी काढून ठेवायची सोय आहे, ती लहानशी फाइल होते. हे चारही हाताशी असले की अर्ध्या दिवसात दुकान चालू होतं, मग नवा कॉम्प्युटर कुठल्या का कंपनीचा असेना.

तुमच्या मित्राची आरसिंकची स्क्रिप्ट मी पाहिलेली नाही, पण तिच्यात काय असायला हवं ते सांगतो. साध्या आर्काइव्ह पर्यायाबरोबर एसीएल (फाइलीच्या जादा परवानग्या), विस्तारित गुणधर्म आणि हार्डलिंक जपणारे पर्याय हवेत. प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टेंप हे फोल्डर वगळलेले हवेत. आणि प्रत जिथे जाते ती डिस्क लिनक्सच्या फाइलसिस्टीमची हवी, नाहीतर मालकी आणि परवानग्या उडतात. अशा प्रतीतून सिस्टीम परत उभी करता येते, मात्र पार्टिशन आपण पाडायची, नवे यूयूआयडी एफस्टॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) लिहायचे आणि ग्रब पुन्हा बसवायचा. जमत असेल तर स्वस्तात मस्त. त्या स्क्रिप्टमध्ये ‘डिलीट’ पर्याय असेल तर सावध राहा. चुकून एखादा फोल्डर पुसलात की रात्री तो प्रतीतूनही पुसला जातो. एकाच ताज्या प्रतीला बॅकअप म्हणायला मी तयार नाही.

रिलॅक्स अँड रिकव्हर, ज्याला सगळे ‘रिअर’ म्हणतात, ते नाव तुमच्या यादीत नव्हतं, तरी सांगतो. सर्व्हर बंद करता येत नसेल तर हे. चालू कॉम्प्युटरवरच ते बूट होणारा पेनड्राइव्ह किंवा आयएसओ तयार करतं. त्यात पार्टिशन, एलव्हीएम आणि रेड (अनेक डिस्क एकत्र वापरायच्या पद्धती), एन्क्रिप्शन यांची मांडणी लिहिलेली असते. वेळ आली की त्या पेनड्राइव्हवरून चालू करून एक कमांड द्यायची. मांडणी तेच पुन्हा रचतं आणि बॅकअप त्यात ओततं. डिस्क वेगळी निघाली तर विचारून घेतं. एका दवाखान्याच्या सर्व्हरला मी हेच लावलं आहे. तुमचं दुकान रात्री बंद असतं, सेटिंग फाइल हाताने लिहायची हौस नसेल तर सोडून द्या.

आता खरं काम, डेटाचं. मारियाडीबीच्या फाइली उचलायच्या नाहीत, डंप काढायचा, म्हणजे डेटाबेसलाच त्याचा सगळा मजकूर एका फाइलीत लिहून द्यायला लावायचा. डंप काढताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय दिला की इनोडीबीच्या (मारियाडीबीच्या नेहमीच्या प्रकारच्या) टेबलांची एकाच क्षणाची प्रत मिळते, आणि कोणी त्या वेळी बिल करत असला तरी अडत नाही. डंप फाइलच्या शेवटच्या ओळीत ‘डंप कंप्लीटेड’ असं तारखेसह लिहून येतं. ती ओळ नसेल तर डंप अर्धवट आहे, डिस्क भरली असेल किंवा मध्येच लाईट गेली असेल. स्क्रिप्टने ही ओळ रोज तपासावी आणि नसेल तर पडद्यावर लाल अक्षरात सांगावं.

वेळेचं गणित दुकानात सगळे चुकवतात. इंटरनेटवरच्या स्क्रिप्टमध्ये रात्री दोनची वेळ असते, आणि तुमचा कॉम्प्युटर रात्री आठला बंद होतो. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय, तिचं काम चुकलं की चुकलं, ते दुसऱ्या दिवशी आपोआप होत नाही. एकतर सौदे उरकून पट्ट्या झाल्यावर संध्याकाळी साडेसहाची वेळ लावा, नाहीतर लिनक्समधल्याच सिस्टीमडीचा टायमर वापरून त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू करा, म्हणजे चुकलेलं काम कॉम्प्युटर चालू झाल्यावर उरकलं जातं.

हा डंप, होम फोल्डर आणि ईटीसी, तिन्ही मिळून रेस्टिक या बॅकअपच्या टूलमध्ये टाका. बोर्गही तितकंच चांगलं आहे, आणि खिडकी-बटणं हवी असतील तर बोर्गवर चालणारं व्होर्टा किंवा पिका घ्या. मी रेस्टिककडे झुकतो, कारण बाहेरची डिस्क, नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइली पाठवणारा एसएफटीपी आणि भाड्याचं क्लाउड स्टोरेज, तिन्हीकडे ते एकाच पद्धतीने चालतं. डेटा कुलूपबंद होऊन जातो आणि एकसारखे तुकडे एकदाच साठवले जातात, त्यामुळे रोजची भर किरकोळ असते, साध्या ब्रॉडबँडवरही रोज वर जाते. त्यासाठी डंप दाबून न ठेवता जसा आहे तसाच द्या. आधीच झिप केलात तर रोज सगळं नवीनच दिसतं आणि हा फायदा जातो.

जुन्या प्रती किती ठेवायच्या? रोजच्या सात, आठवड्याच्या चार, आणि महिन्याच्या भरपूर. एखाद्या शेतकऱ्याच्या खात्यातली चूक चार महिन्यांनी सापडते, तेव्हा कालची प्रत उपयोगाची नसते. जीएसटीच्या नियमानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात, त्यामुळे प्रत्येक मार्चअखेरची प्रत मी किमान सात वर्षं पुसत नाही.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, मदतीला कोणीही नाही. तो कागदावर लिहा आणि बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या तिजोरीत ठेवा. कॉम्प्युटरवरच्याच फाइलीत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

आता कुठे ठेवायचं. आतली १ टीबीची डिस्क टाइमशिफ्टला ठीक, पण ती बॅकअपमध्ये धरू नका. विजेचा झटका आला, चोरी झाली, पाणी शिरलं, तर ती आणि एसएसडी, दोन्ही एकाच कॅबिनेटात आहेत. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, आठवा. वर्षानुवर्षं माल सुरक्षित राहिला आणि २००५ च्या पुरात एकाच पाण्याने कित्येक पेवं गेली. बाहेरच्या दोन डिस्क घ्या. एक दुकानात, पण काम झालं की काढून कपाटात वरच्या फळीवर, कायम जोडलेली नको. दुसरी नदीपासून लांब, विट्याला किंवा जतला कोणी नातेवाईक असेल तिथे. गावभागातल्या घरात ठेवलेली दुसरी प्रत ही दुसरी प्रत नाही, कारण यार्ड आणि गावभाग एकाच नदीच्या काठी आहेत. महिन्यातून एकदा अदलाबदल पुरते, कारण रोजचं क्लाउडवर जातंच आहे. क्लोनझिलाची इमेजही याच दोन डिस्कवर राहील. क्लोनझिलाला डिस्क एनटीएफएस असली तरी चालते, पण रेस्टिकही तिथेच ठेवायचं म्हणून मी सरळ ईएक्सटी४ करून टाकतो.

जूनमध्ये, पाऊस जोर धरायच्या आधी, एकदा तालीम करा. एक जादा एसएसडी आणा, जुनी काढून ठेवा, इमेज नव्यावर उतरवा, त्यावर कालचा डंप ओता, बिलिंग उघडा आणि कालची शेवटची पट्टी दिसते का बघा. पट्टीवरचा आकडा छापील कार्बन प्रतीशी जुळवा. फक्त ‘प्रोग्रॅम उघडला’ एवढ्यावर खूश होऊ नका, कारण रिकाम्या डेटाबेसवरही तो उघडतोच. तालमीत जिथे अडलात ते कागदावर लिहा आणि तो कागद डिस्कच्या डब्यातच ठेवा. ती जादा एसएसडी नंतर सुटी भाग म्हणून कपाटात राहू दे. रविवारी संध्याकाळी दुकानं बंद असताना तिचीच गरज पडते.

डिस्क मरायच्या बेतात असेल, म्हणजे स्मार्टच्या (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीच्या) अहवालात खराब सेक्टर वाढत असतील किंवा फाइली उघडताना अडकत असेल, तर वरचं काहीही करू नका. एफएसचेक, म्हणजे फाइलसिस्टीम दुरुस्त करणारी कमांड, अजिबात चालवू नका. डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या डिस्कची प्रत दुसरीकडे काढा, ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. दुरुस्ती मग त्या प्रतीवर.

राहिला घरचा लॅपटॉप. विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर असतील तर रेस्क्यूझिलाने अख्ख्या डिस्कची इमेज काढा, एकेका पार्टिशनची नको. त्याआधी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा आणि पूर्ण शटडाउन करा. नाहीतर विंडोज अर्धझोपेत असतं आणि एनटीएफएस पार्टिशन उचलताना चूक दाखवून थांबतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं) चालू असेल तर ते पार्टिशन आतून वाचता येत नाही, म्हणून सेक्टर न् सेक्टर कॉपी होतं आणि इमेज पार्टिशनएवढी मोठी होते. तेवढी जागा डिस्कवर आहे का बघा, आणि बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून छापून घ्या. नव्या डिस्कवर उतरवल्यावर विंडोज पहिल्यांदा तीच मागण्याची शक्यता आहे.